सुरभीची उंची

यशोधनने रोटोटुनातल्या आपल्या घराच्या गराजमध्ये बनवलेला जनरेटर पापुआ न्यू गिनीच्या जंगलात, तिथल्याच पामच्या तेलावर सुरू झाला. गावच्या मास्तरांचा सॅटेलाइट फोन आला.

"दवाखान्यात दिवे लागले. जनरेटरवर 'सुरभी' लिहिलंय, ती तुमची मुलगी ना? तिच्या नावाने पाम लावतोय. आमच्याकडे मुलाच्या उंचीचंच रोप लावतात. केवढी आहे ती?"

यशोधनने स्पीकरवरचा फोन पुढे केला. त्याच्या बायकोने, नीलाने फोन घेतला. रंगाऱ्याला हात लावू न दिलेल्या दाराच्या चौकटीवरच्या पेन्सिलच्या शेवटच्या खुणेकडे न बघताच ती म्हणाली, "चौऱ्याऐंशी सेंटिमीटर."

"लहान आहे की अजून. पुढच्या वर्षी बघू, कोण जास्त वाढलं."

"तुमचं रोपच वाढेल," नीला म्हणाली. "आमची सुरभी सहा वर्षं तेवढीच आहे."