एक शब्द कमी

पाच वाजत आले होते आणि नवनाथ कोठुळे हाताची घडी घालून बसला होता. सिंधूने काउंटरवरच्या कॉम्प्युटरआडून पुन्हा एकदा तिकडे पाहिलं. त्याच्या टेबलावरचा कॉम्प्युटर चालू होता, कोर्सचं पान उघडं होतं. हात मात्र घडीतून बाहेर येत नव्हते.

जेलरोडच्या त्या वाचनालयात कामाला माणसं दोनच, ती आणि तो. कोर्सचं नाव होतं 'आपापल्या गतीने शिका'. ब्लॉग कसा लिहायचा, फोटो कसा चढवायचा, पुस्तकांची यादी नेटवर कशी टाकायची, सगळं ज्याने त्याने सवडीने शिकायचं. दोघं शिकलेही. पण सवडीलाही शेवट असतो, तो आज पाच वाजता होता. ज्याचं प्रमाणपत्र येणार नाही तो सोमवारपासून शहराच्या दुसऱ्या टोकाला, अंबडच्या शाखेत, असं वाचनालयाच्या चिटणीसांनी बजावलं होतं. सिंधूची आई वाचनालयामागच्या गल्लीत अंथरुणाला खिळलेली. दुपारच्या सुट्टीत धावत जाऊन सिंधू तिला दोन घास भरवायची, कुशीवर वळवायची. अंबडहून ते कसं जमणार होतं?

आणि शेवटचा धडा काय निघावा! आपल्या लेखाखाली सहकाऱ्याचा किमान दहा शब्दांचा अभिप्राय आला, की हिरवी खूण आणि प्रमाणपत्र. सहकारी म्हणजे समोर बसलेला हा. चार वर्षं दोघांमध्ये एका अक्षराचं बोलणं नव्हतं. पंखा लावा, खिडकी ओढा, सगळं काही मधल्या टेबलावर रोज पेपर वाचत बसणाऱ्या चिमणाबाईंच्या मार्फत चालायचं.

"आजी, त्यांना सांगा, आधी त्यांनी लिहावं. मग मी लिहिते."

चिमणाबाईंनी पेपरातून डोकं न काढता निरोप पुढे ढकलला. "ती म्हणते, आधी तू लिही."

"लेडीज फर्स्ट म्हणावं," नवनाथ म्हणाला.

म्हणणारच. जो आधी लिहील तो दुसऱ्याच्या हातात प्रमाणपत्र देऊन बसेल, आणि दुसरा पिशवी उचलून चालू लागेल. हे त्याला कळत होतं आणि तिलाही.

सिंधूने घड्याळ पाहिलं, दात खाल्ले आणि त्याचा लेख उघडला. 'फाटक्या पुस्तकांना खळ कशी लावावी.' खरं सांगायचं तर लेख चांगला होता, त्यामुळे तिचं डोकं आणखीच फिरलं. तिने खाली लिहिलं, 'पुस्तकांना जपता तेवढं माणसांना जपलं असतं, तर इथे बसणं सोपं गेलं असतं.' आणि बटण दाबलं. मशीन शब्द मोजतं, कुजकेपणा मोजत नाही. नवनाथच्या लेखाला हिरवी खूण मिळाली.

त्याने वाचलं. त्याचे कान लाल झाले. अभिप्राय काढून टाकावा तर खूणही जाणार, ठेवावा तर जन्मभर लेखाखाली लोंबकळणार. सिंधूला फार बरं वाटलं. पण ते काही टिकलं नाही, कारण नवनाथने टेबलाखालची पिशवी ओढून खांद्याला लावली.

तो गेला नाही. उभ्या उभ्याच एका बोटाने तो काहीतरी बडवू लागला. सिंधूच्या पडद्यावर तिच्या लेखाखाली आधी त्याचं नाव आलं, मग त्याखाली अक्षरं.

'छान छान छान छान छान छान छान छान छान'

त्याखाली लाल ओळ होती, एक शब्द कमी.

आधी तिला वाटलं, चुकून राहिला असेल. मग तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. हा माणूस बांधणीला घेतलेल्या पुस्तकाची पानं दोनदा मोजतो, तो चुकेल कशाला?

"आजी," तिचा आवाज चिरकला, "त्यांना सांगा, एक शब्द राहिलाय."

"राहिलाय ना," नवनाथ म्हणाला. "आजी, त्यांनाही सांगा, त्यांच्याकडे माझा एक शब्द राहिलाय. चार वर्षं झाली."

कोणता ते सिंधूला ठाऊक होतं. दुपारी हा कपाटांमागे झोपा काढतो, असं तिने वाचनालयाच्या समितीला सांगितलं होतं आणि समितीने त्याला दोन महिने घरी बसवलं होतं. तो झोपायचा, त्यात खोटं काही नव्हतं. पण त्या दिवसांत त्याची बायको सिव्हिल हॉस्पिटलमध्ये होती आणि हा रात्र रात्र तिच्या उशाशी बसायचा. हेही सिंधूला माहीत होतं. हे तिने समितीला सांगितलं नव्हतं.

चिमणाबाईंनी पेपर खाली ठेवला. "तो म्हणतोय..."

"ऐकलं मी."

मिनिटकाटा बाराकडे सरकत होता. मागच्या गल्लीत आई असेल तशीच पडलेली. सिंधूने चार वर्षांत पहिल्यांदा सरळ त्याच्या डोळ्यांत पाहिलं. भातात आलेला खडा थुंकावा तशी ती म्हणाली, "चुकलं."

नवनाथने मान हलवली नाही की डोळे खाली घेतले नाहीत. तो वाकला, एका बोटाने त्याने काहीतरी वाढवलं आणि दाराकडे निघाला. लाल ओळ गेली. हिरवी खूण आली. प्रमाणपत्र आलं, त्यावर सिंधूचं नाव आलं, आणि लेखाखालचा अभिप्राय आता असा दिसत होता.

'छान छान छान छान छान छान छान छान छान चुकलं'

तिच्या तोंडचा शब्द मेल्याने उचलून तिच्याच लेखाखाली डकवला होता, सगळ्या जगाने वाचावा म्हणून. सिंधूच्या अंगाची लाही लाही झाली. दारात नवनाथ सावकाश चपला शोधत होता.

चिमणाबाई उठून काउंटरपाशी आल्या. चष्मा सारखा करून त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं आणि एकेक शब्द मोठ्याने वाचला, दारापर्यंत ऐकू जाईल असा. मग बोट अभिप्रायाच्या वरच्या ओळीवर नेलं.

"पण पोरी, वर नाव तर नवनाथचं हाय," त्या म्हणाल्या. "मग चुकलं कोणाचं म्हणायचं?"