शूर्पणखा नारदाच्या गादीवर

कीर्तनकार बुवांना आणायला गेलेला भिकू एस.टी.तून उतरला तो एकटाच.

“बुवा नाय आले,” मांडवाच्या तोंडाशी उभा राहून तो म्हणाला. “महाडात तापानं फणफणलेत. पेटीवाला त्यांच्याच उशाशी बसलाय.”

रामाचा पाळणा फुलांनी सजला होता. सुंठवड्याची परात झाकून ठेवली होती. शिवथरपासूनची माणसं येऊन बसली होती. ऊन असं चढलं होतं की मांडवाच्या मेढींची सावली मेढींच्याच पायाशी गोळा होत होती. यंदा उत्सवाची पाळी मालोजीची. बुवा त्याने आणायचा, जेवू त्याने घालायचा. कीर्तनाशिवाय, मुक्या मांडवात राम जन्मला असता, तर ते मालोजीच्या नातवंडांनाही वाडीने ऐकवलं असतं.

“काय मालोजी,” महिपती खोतांनी विचारलं, “आता राम काय भिकूच्या निरोपावर जन्माला घालायचा?”

लोक हसले. मालोजीने टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली.

“कीर्तनाला मी हुभा राहतो, बाबा.”

पांडू, त्याचाच मुलगा. मुंबईला गिरणीत होता आणि गिरणीतून सुटला की नाटकात. मंडळाची नाटकं तोच बसवायचा, चाली तोच लावायचा, पेटी तोच वाजवायचा, पायांत घुंगरू बांधून तोच नाचायचा आणि ऐन वेळी कुणी आजारी पडलं तर त्याचं सोंगही तोच घ्यायचा. तिकडे त्याच्या नावावर तिकिटं खपत होती. मालोजीने त्यातलं एकही नाटक पाहिलं नव्हतं.

“हा?” खोत उसळले. “अरे, गेल्या शिमग्यात शूर्पणखा झाला होता हा! सगळ्या वाडीदेखत नाक कापून घेतलंन!”

“नाक परत लावून आलाय तो,” बायकांतून म्हातारी राहीबाई ओरडली. “तुमच्याकडं दुसरा कोण असंल तर दावा, खोत. नायतर गप बसा.”

मालोजी कीर्तनकाराच्या गादीकडे बघत म्हणाला, “तोंडाला रंग फासणाऱ्याचा पाय नारदाच्या गादीवर पडायचा नाय.”

“तोंड धुऊन आलोय, बाबा,” पांडू म्हणाला. “आणि नारद तरी दुसरं काय करतो? गातो, वाजवतो, आणि सगळ्यांची सोंगं एकटाच आणतो.”

गुरवाने मांडवाबाहेर येऊन वर पाहिलं. “सूर्य माथ्याला आला, मालोजी. काय ते ठरव.”

मालोजीने चिमटीत बुक्का घेतला आणि मुलाच्या तोंडाकडे न बघता त्याच्या कपाळाला लावला. पाळीकऱ्याने बुक्का लावला म्हणजे कीर्तनाला हुकूम झाला.

पांडूने आपली पेटी उभ्याने वाजेल अशी खोक्यावर ठेवली. वाडीतल्या चांगूला मृदंगावर बसवलं, बायकांना पाळण्याच्या दोरीशी सरकवलं, दोन पोक्त माणसांच्या हाती टाळ दिले. “मी डोळा मिटला की सगळं थांबवायचं,” त्याने बजावलं. मग “जय जय रघुवीर समर्थ” म्हणून असा सूर लावला, की मागे तंबाखू मळत बसलेल्यांनी हात झाडले.

अयोध्या उभी राहिली. पांडूचा दशरथ राजा अंतःपुराबाहेर येरझाऱ्या घालू लागला. एक हात कमरेवर, मान पुढे, वळताना टोपी चाचपायची. लोक मालोजीकडे बघून खदखदले. मालोजीला आधी कळेना. कळलं तेव्हा त्याचा टोपीकडे निघालेला हात वाटेतच थांबला.

पुढच्याच क्षणी राजा गेला आणि तिथे कौसल्या होती. ना लुगडं, ना कुंकू. धोतरातला बाप्या नुसता पेटीच्या खोक्याला धरून वाकला, ओठ दाताखाली धरले, श्वास रोखला.

“खरी कळ हाय गो ही,” साळूबाई पुटपुटली. तिची नऊ बाळंतपणं झाली होती. तिने शेजारणीचा हात घट्ट धरला.

पांडूने डोळे मिटले. मृदंग थांबला, टाळ थांबले. सगळ्या मांडवात एका माणसाचा श्वास ऐकू येत होता. गुरवाने बाहेरून हात वर केला, आणि पांडूने तो श्वास सोडला.

“आला!”

गुलाल उडाला, शंख वाजला. पाळण्याची दोरी ओढताना बायकांना रडूही येत होतं आणि हसूही. पांडू पेटीवर झुकून त्यांच्या पाळण्याला सूर देत होता, आणि चुकलेल्या ओळीवर मान हलवून त्यांना हळूच पुढे नेत होता.

पाया पडायला महिपती खोत सगळ्यांच्या आधी पोचले. “बुवा,” ते म्हणाले, “हनुमान जयंतीला आमच्या आवाठात, खोतांच्या घरांकडं यायचं. नाय म्हणायचं नाय.”

घरी पानं मांडून झाली होती. कीर्तनकाराचे पाय धुतल्याशिवाय पाळीच्या घरात जेवण वाढत नाहीत. मालोजीच्या बायकोने, ठमाबाईने, ओटीवर पाट टाकला, परात ठेवली, तांब्या दिला. मालोजी उकिडवा बसला. पांडूने पाय मागे ओढले.

“नको, बाबा. पाप लागंल मला.”

“पाय हिकडं कर. बुवा उपाशी ठेवू का मी?”

पाणी ओतता ओतता त्याचा हात घोट्यापाशी थांबला. दोन्ही पायांचं कातडं घुंगरांच्या पट्ट्यांनी काळं, जाड करून टाकलं होतं, कड्यासारखं. मालोजीने अंगठ्याने ते चोळून पाहिलं. बराच वेळ चोळलं.

ठमाबाईने गंधाची वाटी पुढे केली. रीत पायाच्या अंगठ्यांना लावायची होती. मालोजीने गंधात बोट बुडवलं आणि ते त्या काळ्या कड्यांवरून, घोट्याभोवती, सावकाश फिरवत नेलं.