ग्लेनिसची सुनावणी

इडवालने बायकोच्या ब्लाउजचं शेवटचं बटण लावलं आणि दोन पावलं मागे सरकून बघितलं.

"झकास! लग्नातसुद्धा एवढी नटली नव्हतीस."

"लग्नात माझी बोटं धड होती. तुझ्या हाती कारभार नव्हता."

ग्लेनिस प्रॉसरने वीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलले. मग संधिवाताने आधी बोटं धरली, नंतर गुडघे. तिने अपंगत्व भत्त्यासाठी अर्ज केला, तर उत्तर आलं : त्रासाच्या मोजणीत शून्य गुण, म्हणून भत्ता नाही. तपासायला आलेल्या माणसाने शेरा मारला होता : 'बाई हसतमुख आहेत. त्रास दिसला नाही.'

"तरी सांगत होतो, येईल त्याला बघून दात काढत जाऊ नकोस," इडवाल तेव्हा म्हणाला होता.

फेरविचाराचा अर्ज केला, पुन्हा शून्य. मग तिने अपील ठोकलं. अपिलाची वाट बघता बघता महिने गेले आणि तेवढ्यात रोजगार केंद्राचं बोलावणं आलं. तिथल्या डेलिथ नावाच्या मुलीने मान वर न करता नियम वाचून दाखवले.

"आठवड्याला पस्तीस तास काम शोधायचं. दहा अर्ज दाखवायचे. नाही दाखवले तर बेकारभत्त्याचे पैसे कापले जातील."

"कसलं काम?"

"मिळेल ते. गोदामात खोकी उचलायला माणसं हवीत."

"अगं पोरी, चहाचा कप उचलायला मला दोन्ही हात लागतात."

"निवड करत बसू नका. जागा दिसली की अर्ज टाकायचा."

ग्लेनिसने हुकूम शब्दशः पाळला. दीपगृहाची राखण, पेंग्विनना मासे भरवणं, सरकारी कचेऱ्या, चर्चच्या गायनसंघाचं संचालन, जिथे जागा दिसली तिथे अर्ज गेला. ती सांगायची, इडवाल टंकायचा.

"गायनसंघ? तू गायला लागलीस की शेजारचं कुत्रं घर सोडतं!"

"तू लिही. निवड करायची नाही."

दोघं डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायची. डेलिथ यादी न वाचताच दहा खुणा करून मोकळी व्हायची.

आज मात्र बसमध्ये ग्लेनिस पुन्हा पुन्हा पानं उलटत होती. मांडीवर जाडजूड फाईल होती.

"तीनदा वाचलीस, आता पुरे," इडवाल म्हणाला.

"एक पान नजरेतून सुटता कामा नये. माणसाचं अख्खं आयुष्य असतं यात."

"घाबरलीस?"

"त्या खोलीत जायचं म्हटलं की परतीची बस पकडावीशी वाटते."

"तिथे तिघंच असतात ना? माणसंच आहेत ती. जे खरं आहे ते बोल. आणि खुशाल हस!"

स्वान्सीला उतरल्यावर काठी टेकत, मध्ये दोनदा थांबत, ती इमारतीपर्यंत पोचली. इडवाल खालीच बाकावर बसला. तिच्यासाठी डब्यात आणलेले वेल्श केक त्यानेच खायला सुरुवात केली.

वर कारकुनाने दार उघडून धरलं. "या, मिसेस प्रॉसर. न्यायाधीश आणि डॉक्टर आलेत."

लांब टेबलापलीकडे दोघं बसली होती. अलीकडे एकच खुर्ची होती, एकटी. ग्लेनिस क्षणभर दारातच थबकली. तिने त्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला, दम घेतला आणि काठी टेकत टेबलाला वळसा घालून पलीकडे गेली.

"आज पहिलाच दिवस ना तुमचा?" न्यायाधीशबाईंनी शेजारची जागा तिच्यासाठी मोकळी केली. "अपिलं ऐकणाऱ्या या पॅनेलवर अपंगत्व स्वतः भोगलेलं कुणीतरी हवंच होतं. पण या नोकरीचं तुम्हाला सुचलं कसं?"

"रोजगार केंद्राची कृपा. माझं स्वतःचं अपील अजून रांगेतच आहे," ग्लेनिस म्हणाली आणि तोंड भरून हसली. मग तिने फाईल उघडली आणि कारकुनाकडे वळली. "अर्जदाराला बोलवा. आणि आधी ती खुर्ची बदला. तिला हात नाहीत, उठताना ते बिचारे कशाला धरतील?"