शेवटची स्क्रीन

"काका, जुना सर्व्हर बंद करायचा मान तुमचाच," मॅडम म्हणाल्या. सगळे समोसे घेऊन भोवती जमले.

कंपनीचं जुनं सॉफ्टवेअर फडतरेकाकांनीच लिहिलेलं. वर्षभर त्यांनीच पोरांना एकेक स्क्रीन समजावली, पोरांनी ती नव्यात उतरवली. हे संपलं की नव्या टीममध्ये सीनियर तुम्हीच, असा मॅडमचा शब्द होता. आज दरवाजाच्या कार्डांची शेवटची स्क्रीनही नव्यात गेली. काकांनी एंटर दाबलं. टाळ्या पडल्या.

हात धुवून काका परत आले, कार्ड लावलं, तर दार उघडेना.

आतून त्यांच्याच हाताखालच्या सुजयनं उघडलं.

"काका, सगळ्यांची नावं नव्यात टाकली," तो खाली बघत म्हणाला. "तुमचं टाकू नको म्हणाल्या मॅडम."

दार उघडंच होतं. काकांचा पाय मात्र आत पडेना.