पाहुण्यांचा शॉवर

"पाहुण्यांच्या बाथरूमला ना? साधा देऊ, सुगंधी, की घरओढीचा?" सांगलीतल्या दुकानदारानं विचारलं.

हेमलताबाई इकडेतिकडे बघत पुटपुटल्या, "घरओढीचाच द्या."

"मग लाजता काय! हल्ली सगळे तोच नेतात. डोक्यावर पाणी पडलं की पाहुण्याला घराची अशी ओढ लागते, टॉवेल वाळायच्या आत माणूस स्टँडवर! येणार कोण?"

"नणंद. महिनाभर."

दुकानातल्या तीन बायकांनी समजूतदारपणे माना डोलावल्या, तेव्हा हेमलताबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण शॉवर घेतलाच.

कुसुमवन्सं आल्या आणि लगेच आंघोळीला शिरल्या. इकडे हेमलताबाईंनी परतीच्या वाटेसाठी दशम्यासुद्धा बांधल्या.

वन्सं बाहेर आल्या त्या डोळे पुसतच. "हेमा, आज काय झालं कोण जाणे! पाणी अंगावर घेतलं आणि घराची अशी ओढ लागली, जीव नुसता कासावीस. मग माझं मलाच हसू आलं. अगं, याच घरात जन्मले मी! आता आणखी कुठं जायचं?" एवढं बोलून त्यांनी दशम्यांचं गाठोडं उचलून पाहिलं. "आणि हे कुणाच्या वाटेसाठी गं?"