डोळ्यांदेखत

१९३८ साली मुरबाडजवळच्या एका गावात सुंदरा पंचांपुढे उभी राहिली. म्हणाली, “नवरा रोज मारतो. मला आटगावला माहेरी जाऊ द्या.”

थोरले पंच गोमाजी विचारी माणूस. “म्हसा गावच्या जत्रेत आपण बैलसुद्धा चालवून बघतो, मगच घेतो. मग डोळ्यांनी बघितल्याबिगर न्याय कसा देऊ गो? कुंडलिका, कसा मारतोस ते दाखव बघू.”

कुंडलिक लाजला. चार लोकांपुढे मारायची त्याला सवय नव्हती. पण “लाजू नको रे, घरचेच आहोत आमी,” असं पंचांनी म्हटल्यावर त्याने नीट दाखवलं. सुंदराचा एक दात पडला. पंचांनी तो उचलून उजेडात धरून पाहिला.

“बघितलंत ना आता?” सुंदरा तोंड दाबून म्हणाली.

“बघितलं,” गोमाजी म्हणाले आणि कुंडलिकावर डोळे वटारले. “का मारलंस रे हिला?”

“तुमीच सांगितलं म्हणून.”

पंच एकमेकांकडे बघायला लागले. माणूस खोटं बोलत नव्हता.

 

कुंडलिक निर्दोष सुटला, आणि पंचांच्या हुकमाविरुद्ध तक्रार केली म्हणून सुंदराला सगळ्यांची माफी मागायला लावून त्याच्याबरोबर घरी धाडलं.