नारदाच्या गादीसमोर

पेटंटची कामं बघणाऱ्या इनायतभाईंनी कोमलला बजावलं होतं, "अर्ज जाईपर्यंत यंत्राबद्दल कुणापुढं चकार शब्द काढायचा नाही." गुलाबाच्या पानावर भुरी, म्हणजे पांढरी बुरशी, दिसायच्या आधीच ती ओळखणारं यंत्र तिनं बेडसे गावातल्या पॉलिहाऊसमध्ये घडवलं होतं. सख्ख्या मामालाही तिनं ताकास तूर लागू दिली नव्हती. पण गावच्या सप्ताहात बुवांनी कीर्तन थांबवून तिला पुढं बोलावलं, "पोरी, कसं चालतं ते सांग माउलींना." नारदाच्या गादीला नाही कोण म्हणणार? ती सगळं सांगून मोकळी झाली. मंडपभर टाळ्या पडल्या.

अर्ज त्यानंतर गेला. आज एका बड्या कंपनीची हरकत आली. पुराव्याला त्याच कीर्तनाचा व्हिडिओ.

"काहीच करता येणार नाही?" तिनं विचारलं.

"तू स्वतःच्या तोंडानं जगाला सांगून बसलीस, बेटा," इनायतभाई म्हणाले. "आता ते कुणीही बनवावं."

घरी आली तर वडील, रखमाजी, खुशीत ओसरीवर बसलेले.

"बुवांना मीच म्हनलं होतं, पोरीला बोलवा म्हनून. तू कुनाला काय सांगतच न्हाईस, मग जगाला कळावं कसं? तो व्हिडिओ एका कंपनीच्या सायबांनी मागून घेतला. लय आवडला त्यास्नी. यंदाच्या सप्ताहाचा मंडप तेच देनार हाईत."

कोमल उंबऱ्यातच थांबली.

"तुझा सत्कारबी त्यांच्याच हातून ठेवलाय. नारळ घेताना पाया पडायला इसरू नको."